आधी गच्ची थंड, मग गच्चीवर वीज

मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास नव्या किल्लारीतल्या कुठल्याही घराच्या गच्चीवर अनवाणी पाऊल टाकून बघा. दुसरं पाऊल टाकवत नाही. दिवसभर तापलेली ती स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत खाली उष्णता सोडत राहते. पंखा पाचावर असतो, पण तो वरची गरम हवाच खाली ढकलतो. मग कूलर येतो, कूलरला पाणी लागतं, आणि महिन्याच्या शेवटी बिल आलं की घरात कुरबुर सुरू होते. जुनी माणसं म्हणतात, माळवदाखाली असं तापत नव्हतं. खरंच आहे ते. दगडमातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर हातभर मातीचा थर. ऊन आत झिरपेपर्यंत दिवस मावळायचा.

पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि त्याच मातीखाली आणि त्याच दगडांखाली माणसं झोपेत गाडली गेली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गाव नुकतंच आडवं झालं होतं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढे जागतिक बँकेच्या मदतीनं ५२ गावं नव्या जागी वसवली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर सपाट आरसीसी स्लॅब आली. या घरांनी लोकांना पुन्हा छपराखाली झोपायचं धाडस दिलं. त्या उपकाराला उणेपणा आणायचा माझा हेतू नाही. मात्र ऊर्जाबचतीच्या सरकारी योजना किल्लारीत, सास्तुरात किंवा अशा कुठल्याही पुनर्वसित गावात खरोखर उपयोगी पडायच्या असतील, तर सुरुवात या स्लॅबपासूनच करावी लागेल. आणि क्रम पाळावा लागेल. आधी घर थंड करा, मग विजेचा वापर उतरवा, आणि मग उरलेल्या वापरापुरतंच सोलार बसवा. बहुतेक घरांत शेवटचं काम आधी होतं आणि पैसा जास्त जातो.

पहिलं काम चुन्याचं. महाशिवरात्र झाली की पाडव्याच्या आत ते उरकून घ्या. गच्ची खराट्यानं झाडून, शेवाळ खरवडून घ्या. भेगा असतील तर त्या आधी सिमेंटनं भरा, नुसत्या चुन्यानं त्या झाकू नका. कळीचा चुना आदल्या रात्री लोखंडी पिंपात भिजवायचा. पाणी घातल्यावर तो अक्षरशः उकळतो, म्हणून प्लास्टिकची बादली वापरू नका आणि लेकरांना जवळ फिरकू देऊ नका. सकाळी फडक्यातून गाळून त्यात डिंक मिसळा, म्हणजे पांढरा थर हाताला लागत नाही. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर गच्चीवर पाणी शिंपडून पहिला हात उभा द्या आणि तो सुकल्यावर दुसरा आडवा. डोळ्यांवर चष्मा असू द्या. एवढ्यानं आतल्या हवेत दोन-तीन अंशांचा फरक पडतो, आणि रात्री छताला हात लावल्यावर तर तो लगेच कळतो. पावसाळ्यात हा चुना धुऊन जातो, दरवर्षी नव्यानं द्यावा लागतो. चार पैसे जास्त असतील तर ऊन परतवणारा तयार पांढरा रंग मिळतो, तो काही वर्षं टिकतो. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये अशा थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच केलं.

गारव्यासाठी स्लॅबवर माती पसरायचा मोह मात्र टाळा. मी हे फार कळकळीनं सांगतो. एक फूट जाडीच्या मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो भरतं, आणि डोक्यावरच्या ओझ्यानं काय होतं हे या गावाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. कडब्याच्या पेंढ्या, उरलेल्या विटा, जुनं जातं, हेही वर साठवू नका.

नवीन खोली बांधणार असाल तर गवंड्याशी बोलताना दोन गोष्टींचा आग्रह धरा. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी नको, आणि प्रत्येक खिडकीवर रुंद छज्जा हवा. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. भिंती, खिडक्या आणि छत यांतून किती उष्णता आत यावी याचं माप त्यात दिलेलं आहे. गवंड्याला ती वाचायला लावायची गरज नाही, पण तिचं सार या दोन आग्रहांत बऱ्यापैकी येतं. भूकंपाच्या पट्ट्या, म्हणजे जोत्याला, दारं-खिडक्यांच्या माथ्याला आणि छपराखाली फिरणारा आरसीसी बंध, यांत तडजोड नाही, हे वेगळं सांगत नाही.

आता बिल हातात घ्या. एका महिन्याचं नको, मागच्या बारा महिन्यांची काढा. महावितरणच्या ॲपवर बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकला की मिळतात. त्यात तीन गोष्टी बघा: बिल कुणाच्या नावावर आहे, मंजूर भार किती आहे, आणि दर महिन्याला युनिट किती पडले. घरगुती दर टप्प्यांनी चढतात. पहिली १०० युनिटं स्वस्त, आणि १०१ ते ३०० च्या टप्प्यात दर जवळपास दुप्पट. म्हणून ज्या घरात महिन्याला १४० युनिटं पडतात, तिथं वाचलेलं प्रत्येक युनिट वरच्या महाग टप्प्यातलं असतं. ४० युनिटं कमी झाली की बिल तेवढ्याच प्रमाणात उतरत नाही, त्याहून जास्त उतरतं.

ही ४० युनिटं कुठून काढायची? माझं उत्तर पंखा. दिव्यांचं काम बरंचसं झालेलं आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेत देशभर सुमारे ३७ कोटी एलईडी बल्ब वाटले गेले, आणि एवढी मोठी खरेदी एकदम झाल्यानं २०१४ मध्ये तीनशे रुपयांच्या वर असलेला सरकारी खरेदीचा भाव दोन-अडीच वर्षांत चाळिशीच्या आत आला. आज गावात पिवळा बल्ब शोधून सापडत नाही, फार तर गोठ्यात एखादा. पंख्याचं तसं झालेलं नाही. घराघरांत लग्नात आलेला, दोनदा भरून आणलेला पंखा फिरतोय आणि तो ७०-८० वॅट खातो. बीएलडीसी मोटारीचा पंखा तेवढंच वारं २८ ते ३५ वॅटमध्ये देतो. हिशेब मांडा. उन्हाळ्यात एक पंखा दिवसाला पंधरा तास फिरतो, वाचले ४५ वॅट, म्हणजे रोज पाऊण युनिटाच्या जरा आत, महिन्याला वीस. दोन पंखे बदलले की ४० युनिटं निघाली. असा पंखा अडीच-तीन हजारांना पडतो, साध्या पंख्यापेक्षा हजार-दीड हजार जास्त. पण वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर तो जवळपास दुप्पट वेळ चालतो, आणि दाब कमी असला तरी मंदावत नाही. ज्या गावात संध्याकाळी दिवा पिवळा पडतो, तिथं या दुसऱ्या गुणाची किंमत जास्त आहे. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकनाचं लेबल सक्तीचं आहे. दुकानदारानं लेबल नसलेला पंखा 'जुन्या स्टॉकमधला, स्वस्तात देतो' म्हणून पुढे केला तर घेऊ नका. फ्रीज घेतानाही तारे मोजाच, शिवाय लेबलवर वर्षाला किती युनिटं लागतील तो आकडा लिहिलेला असतो, तो वाचा. दुकानात थांबून दोन फ्रीजचे ते आकडे शेजारी शेजारी ठेवले की सौदा आपोआप ठरतो.

एवढं झाल्यावरच गच्चीवरच्या विजेकडे या.

'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान मिळतं. यंत्रणा साधारण किलोवॅटमागे ५० ते ६० हजारांना पडते. राज्य सरकारनं २०२५ मध्ये लहान ग्राहकांसाठी 'स्मार्ट' नावाची जोड योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटसाठी राज्याचे आणखी १७,५०० रुपये, महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या घराला १० हजार, आणि त्यातल्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५ हजार. ५० हजारांचा संच धरला तर दारिद्र्यरेषेखालच्या घराच्या खिशातून अडीच हजारच जातात. यात प्रथम येणाऱ्यास प्राधान्य आहे, तेव्हा महावितरणच्या कार्यालयात जाऊन आजच चौकशी करा.

सरकार तुमच्या गच्चीसाठी एवढे पैसे का मोजतंय, हा प्रश्न मला गावोगावी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. भारतानं जगाला शब्द दिलाय की २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचं कार्बन उत्सर्जन ४५ टक्क्यांनी कमी करू, आणि २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू. आपल्या ग्रीडवरच्या एका युनिटामागे आजही सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बरीचशी वीज कोळशाची आहे. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटं देतो, वर्षाला चौदाशेच्या आसपास. म्हणजे एका लहान गच्चीमागे वर्षाला जवळपास एक टन.

पण लातूरच्या माणसाला टनापेक्षा पाण्याची भाषा लवकर कळते. कोळशाच्या वीज केंद्राला पाणी लागतं. २०१५ च्या पर्यावरण मंत्रालयाच्या नियमानं जुन्या केंद्रांना युनिटामागे साडेतीन लिटरांपर्यंतची मर्यादा घालून दिली. त्याच वर्षी जुलैत शेजारच्या परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद करावं लागलं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. चौदाशे युनिटांना साडेतीन लिटरनं गुणा. जवळपास पाच हजार लिटर येतात. ट्रॅक्टरमागचा एक टँकर. एक किलोवॅटची गच्ची दरवर्षी कुठल्या तरी वीज केंद्राचं जास्तीत जास्त एवढं पाणी वाचवते.

तर, सोलार घेताना पायरी पायरीनं काय करायचं? बिलावरचं नाव आधी दुरुस्त करा. पुनर्वसित गावांत घर मिळालं तेव्हा जोडणी आजोबांच्या नावावर झाली, आजोबा गेले, आणि बिल अजून त्यांच्याच नावानं येतं. अर्ज, कर्ज आणि अनुदान या तिन्ही ठिकाणी बिलावरचं नाव, आधार आणि बँक खातं जुळावं लागतं. वारसनोंद, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि इतर वारसांची संमती जमवून नावबदलाचा अर्ज आधी द्या. यात महिना जाऊ शकतो, म्हणून हे काम अगदी पहिलं.

दुसरं, स्लॅबची तपासणी. तिला तीस वर्षं होत आलीत. खालून बघा. कुठं गिलाव्याचे पापुद्रे सुटलेत का, सळई गंजून फुगलीये का, पावसाळ्यात ओल उमटते का? तसं असेल तर दुरुस्ती आधी, सोलार नंतर. एकदा पॅनल चढले की खालची गळती काढणं फार अवघड जातं. वजनाची भीती मात्र धरू नका. पॅनल आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला वीस किलोच्या आसपास भरतात, फूटभर जाड मातीच्या पंचविसाव्या भागाएवढे. खरी भीती वाऱ्याची आहे. वैशाखातल्या वादळात पत्रे कसे उडतात ते आपण बघतो. पॅनल हा तसाच एक पत्रा, त्याला खालून वारा लागतो. म्हणून सांगाड्याचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांत नीट बसवलेले हवेत, आणि स्लॅबला भोक पाडलंच तर ते रसायनानं बंद करून वर पाणीरोधक लेप हवा.

माझ्या एका नात्यातल्या घरी नेमकं इथंच चुकलं. बसवणाऱ्यानं घाईत थेट स्लॅबमध्ये बोल्ट ठोकले, पैसे आधीच पूर्ण घेतलेले, पहिल्याच पावसात देवघराच्या कोपऱ्यात थेंब पडायला लागले. फोन लावला की 'उद्या येतो.' तो उद्या दिवाळीपर्यंत उजाडला नाही. म्हणून सांगतो, पुरवठादार योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेलाच निवडा, गावात त्यानं आधी बसवलेली दोन घरं स्वतः चढून बघा, आणि पैसे टप्प्यांनी द्या, शेवटचा टप्पा नेट मीटर बसल्यावर. 'अनुदान मी वळतं करून घेतो, तुम्ही सही करा' असं कुणी म्हणालं तर सही करू नका. अनुदान यंत्रणा सुरू झाल्यावर तुमच्याच बँक खात्यात येतं. पॅनल भारतीय बनावटीच्या सेलचे असावेत ही अनुदानाची अट आहे, ते बिलावर लिहून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा जीएसटी ५ टक्के झालाय, जुन्या दरानं कोटेशन आलं तर परत पाठवा.

किती किलोवॅट? बारा महिन्यांच्या युनिटांची सरासरी काढा आणि १२० नं भागा. पंखे बदलल्यानंतरची सरासरी धरा, आधीची नको. २५० चौरस फुटांच्या घरावर पाण्याची टाकी, जिना आणि कपडे वाळत घालायची जागा सोडली की एक, फार तर दीड किलोवॅट बसतो, कारण किलोवॅटला सावली नसलेली १०० चौरस फूट जागा लागते. किल्लारीचा अक्षांश अठराच्या आसपास आहे. पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि उतार पंधरा ते वीस अंशांचा ठेवा. शेजाऱ्याचा नवा माळा किंवा कडुलिंब दुपारनंतर सावली टाकतो का, हे डिसेंबरच्या तिरप्या उन्हात बघितलं पाहिजे.

आणि एक गोष्ट, जी विकणारा सहसा सांगत नाही. ग्रीडला जोडलेलं साधं सोलार लाइन गेली की बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसंच असावं लागतं. तेव्हा घरातला इन्व्हर्टर विकून टाकू नका. बीएलडीसी पंख्याचं महत्त्व इथं पुन्हा कळतं. पॅनल पुसायचे ते सकाळी, थंड असताना, मऊ फडक्यानं. रास करायच्या दिवसांत गावभर भुस्सा उडतो, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी पुसा.

शेतातल्या पंपाचं थोडक्यात सांगतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्यात वीजबिल माफ आहे, त्यामुळे बचतीचा विषय काढला की लोक हसतात. पण जळालेली मोटार भरून आणायचा खर्च माफ नाही. पंपाला कपॅसिटर लावा, ऑटोस्विच काढा. लाइन आली की ऑटोस्विचमुळे शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, डीपी त्या धक्क्यानं जळते, आणि मग ऐन हरभऱ्याच्या पाण्याला आठ दिवस सगळेच बसून राहतात. विहिरीवर अजून वीजजोडणी नसेल तर 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत दहा टक्के रक्कम भरून पंप मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. सातबाऱ्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद लागते. ती नसेल तर तलाठ्याकडे आधी जा.

गावानं मिळून करायचं एक मोठं काम म्हणजे 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०'. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची. या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात सुरू झाला. रात्री दोनला टॉर्च घेऊन सापाविंचवातून पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला दिवसाची वीज म्हणजे काय, ते आकड्यांत सांगता येणार नाही. जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल पाच लाख. मात्र गायरान द्यायचा ठराव आला तर सगळं गायरान देऊ नका. ज्यांच्याकडे गुंठाभर जमीन नाही पण दोन शेळ्या आहेत, त्यांचं चरायचं ठिकाण कुठं राहणार, हे ठरावात लिहून घ्या.

ग्रामसभेत आणखी एक विषय काढा. रस्त्यावरचे दिवे सकाळी दहापर्यंत जळत असतात, कारण बटण बंद करणारा माणूस शेतात गेलेला असतो. उजेड कळणारा सेन्सर किंवा टायमर लावला की प्रश्न मिटतो. 'माझी वसुंधरा अभियान' २ ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे. त्यातल्या 'अग्नी' या घटकाखाली एलईडी पथदिवे, सौर ऊर्जा, बायोगॅस या सगळ्यांना गुण आहेत. किल्लारीत ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभाजवळ माणसं जमतात, आणि दोनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, ग्रामसभा असते. त्याच्या आठ दिवस आधी ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज द्या की पथदिव्यांची आणि नळयोजनेच्या पंपाची वर्षभराची वीजबिलं सभेत वाचून दाखवावीत. अर्जाची पोहोच घ्या, आणि सभेला जाताना स्वतःच्या घराची बारा बिलंही बरोबर न्या.